समुद्राला सातबारा नसतो

जमिनीच्या बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, पण तिथे निदान बांध दिसतो तरी. समुद्राला सातबारा नसतो. बांगड्याचा थवा आज वेंगुर्ल्याला, उद्या मालवणला. तो कोणाचा? ज्याच्या जाळ्यात सापडेल त्याचा. म्हणून सगळा वाद शेवटी जाळ्यावर येतो.

सिंधुदुर्गातली रापण पाहा. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळात जाळे सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळे ओढले जाते. एकट्यादुकट्याचे हे कामच नव्हे. विक्रीच्या पैशांचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. नुसता हात लावणाऱ्या वाटसरूलाही कालवणापुरती मासळी मिळते. मलाही मिळाली आहे. खरे तर मी ओढण्यापेक्षा दोराला लोंबकळलोच अधिक!

पर्ससीनचे तंत्र निराळे. यांत्रिक नौका थव्याभोवती गोल जाळे टाकते. तळच्या कड्यांतून ओवलेली दोरी खेचली, की जाळे बटव्यासारखे मिटते. थवा अख्खा आत. रापण किनाऱ्याला आलेलीच मासळी धरते, पर्ससीन ती येण्याआधीच उचलू शकते. भांडणाचे मूळ इथे आहे.

पर्ससीनवाल्याला खलनायक ठरवणे सोपे. पण त्याच्या डोक्यावर नौकेचे कर्ज असते, डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार असतात. ‘मी सोडली तर दुसरा नेईल’ हा त्याचा हिशेब काही खोटा नाही. या वादाला अधूनमधून जातीधर्माचा रंग चढतो, त्याचे मला मुसलमान म्हणून विशेष वाईट वाटते. रत्नागिरीचा दालदी घ्या की मालवणचा गाबीत. कर्ज आणि रिकामे जाळे दोघांनाही ठाऊक आहे.

कायदा आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, परवाने कमी करायचे ठरवले. २०२१मध्ये दंड वाढवले. पण राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, पुढचे पाणी केंद्राचे. मासा ही रेघ ओळखत नाही, आणि काळोखात गस्तीच्या नौकेला तरी किती दिसणार?

याच कोड्याला तुर्कस्तानातल्या अलान्या गावच्या मच्छीमारांनी १९७०च्या दशकात एक तोड काढली. २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ती आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. दर सप्टेंबरला जाळी टाकण्याच्या जागांची यादी करायची, चिठ्ठ्या उचलायच्या, आणि मग रोज प्रत्येकाने शेजारच्या जागेवर सरकायचे. चांगली जागा फिरत फिरत सगळ्यांकडे येते. दुसऱ्याच्या जागेत कोणी घुसलाच, तर ज्याची पाळी असते तोच त्याला अडवतो. पहारेकरी वेगळा नेमावा लागत नाही.

तिथले मच्छीमार जेमतेम शंभर. कोकणात ही पद्धत जशीच्या तशी कशी चालेल? मात्र राखण मच्छीमारांच्याच हाती यावी, असा एक नियम आपल्याकडेही झाला आहे. २०२३मध्ये पापलेट राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला गेला. जाळे रापणीचे असो की पर्ससीनचे, तपासायला भर समुद्रात जायला नको. बंदरावर टोपली उघडली की दिसते. तळहाताएवढे पापलेट लिलावात आले, तर बोली लावणारी कोळीणही ते बाजूला सारू शकते, आणि बाजारात पिशवी घेऊन उभा असलेला मीही.