पत्ता शेवटाकडून वाचावा

“आपलें खातें आज रात्रीं बंद होईल, खालील दुव्यावर माहिती भरावी,” असे संदेश हल्लीं घरोघरीं येतात. दुवा उघडतांच बँकेचें बोधचिन्ह, रंग, अक्षरें, सारें हुबेहूब दिसतें आणि चांगला सुशिक्षित गृहस्थहि फसतो. वास्तविक चिन्हाची नक्कल कोणासहि करतां येते. पत्त्याची येत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं भारतांतील बँकांस आपलीं संकेतस्थळें ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यावर नेण्यास सांगितलें व ३१ ऑक्टोबरची मुदत घातली. हा शेवट बँकांवांचून इतरांस मिळत नाहीं.

भामटेहि कांहीं कमी नाहींत! तींच अक्षरें ते पत्त्याच्या मध्यें घालतात. म्हणून आरंभींच्या दोन जोड तिरप्या रेघा सोडून पुढील पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत यावें आणि तेथून मागें वाचावें. ‘बँक डॉट इन’च्या पुढें आणखी ‘डॉट कॉम’ दिसलें, कीं तें घर परक्याचें. पाकिटावर गांवच निराळें असेल तर वाडा नि गल्ली बरोबर असून काय उपयोग?

घरांतील वडीलधाऱ्यांस हें एकदां बोट ठेवून दाखवावें. कोणी माहिती भरून बसलेंच, तर रागें भरण्यांत वेळ दवडूं नये. भीतीनें माणूस गोष्ट लपवितो, आणि तेवढ्यांत पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत निघून जातात. तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें.