'येऊ नको' की 'आली नाहीस तरी चालेल'?

मुलांनो, आपल्या वर्गातल्या एकाने सुट्टीआधी पुण्याला फोन करून सांगितले, "आजी, तू विमानतळावर येऊ नको." आजी गप्पच झाली. त्याला म्हणायचे होते 'डोंट हॅव टू', म्हणजे गरज नाही. आजीने ऐकले 'मस्ट नॉट'!

इंग्रजीत 'शुड नॉट' हा सल्ला आणि 'मस्ट नॉट' ही बंदी. मराठीत 'नये' दोन्हीकडे चालते. 'उपाशीपोटी चहा पिऊ नये' हा सल्ला, पण 'येथे थुंकू नये' ही बंदीच. आपल्या एमआरटीतली पाटी मराठीत लिहिली तर 'खाऊपिऊ नये' अशीच होईल. शब्द मऊ, दंड मात्र 500 डॉलरपर्यंत! (ड्युरियनच्या चित्राखाली आकडा नसतो, तरी बंदी आहेच.)

सक्ती सांगताना 'आय मस्ट'मुळे आपण 'मी जावे लागते' म्हणून बसतो. 'लागते' असेल तेथे 'मला' हवे: 'मला जावे लागते.'

परवानगी सगळ्यात सोपी. हॉकर सेंटरमध्ये "कॅन?" "कॅन!" ऐकतो ना, तेच आपले "चालेल का?" "चालेल."

त्याने पुन्हा फोन केला, "आजी, तू आली नाहीस तरी चालेल." आजी म्हणाली, "मी येणारच."