देश मोठा की क्लब? फुटबॉलप्रेमींच्या दोन निष्ठा आणि एक हृदय

जगातील कोणत्याही फुटबॉलवेड्या गावात एक वाद हमखास रंगतो. आपल्या देशाला विश्वचषक मिळावा की आपल्या क्लबला लीगचे विजेतेपद? दोहोंपैकी एकच मागून घेता आले, तर माणूस काय मागेल? क्रिकेटवर पोसलेल्या भारतीय मनाला हा प्रश्नच विचित्र वाटतो. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, लोकप्रियही झाली. तरी शहराच्या संघासाठी भारताचा विजय सोडून देईन, असे म्हणणारा क्रिकेटप्रेमी आपल्याला क्वचितच भेटेल. इंग्लंडमधील मँचेस्टर वा लिव्हरपूल येथे मात्र ‘अर्थातच क्लब!’ असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यात त्यांना देशद्रोह वगैरे काही वाटत नाही. असे का व्हावे? आणि या निष्ठांचा माणसाच्या शरीरावर, विशेषतः हृदयावर, काय परिणाम होतो? या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

क्लब आधी, देश नंतर

पहिले कारण इतिहासात सापडते. शेफील्ड येथे १८५७ साली स्थापन झालेला क्लब हा जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. पहिला आंतरराष्ट्रीय सामना त्यानंतर पंधरा वर्षांनी, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, ग्लासगो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला व तो गोलशून्य बरोबरीत सुटला. इंग्लंडमधील लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनिशी सुरू झाली. विश्वचषक उजाडायला मात्र १९३० साल यावे लागले. म्हणजे देशाचा झेंडा घेऊन जगज्जेतेपदासाठी लढण्याची कल्पना येण्यापूर्वीच क्लबनिष्ठेच्या दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

हे क्लब निघाले ते कामगारवस्त्यांतून, चर्चमधून, कारखान्यांतून. आजचा मँचेस्टर युनायटेड हा मूळचा रेल्वे कामगारांचा संघ, तर आर्सेनल हा लंडनच्या वुलिच भागातील शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांचा. बापाने मुलाला बोट धरून मैदानावर न्यावे आणि कुलदैवतासारखा क्लब त्याच्या ओटीत घालावा, अशी ही परंपरा आहे. शिवाय इंग्लंडमधील अव्वल श्रेणीचा क्लब एका हंगामात लीगचेच ३८ सामने खेळतो. राष्ट्रीय संघाच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण दहा-बारा सामने येतात. जो दर आठवड्याला भेटतो तो घरचा होतो. जो अधूनमधून येतो तो, कितीही थोर असला तरी, पाहुणाच राहतो.

म्हणूनच राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीगला सुट्टी दिली जाते, तेव्हा अनेक पाठीराखे कुरकुरतात. आपला खेळाडू देशासाठी खेळताना जायबंदी होऊन परत येईल ही धास्ती त्यामागे असते. ती निराधार नाही. २००४ मध्ये बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबचा अब्देलमजीद उलमर्स हा खेळाडू मोरोक्कोकडून खेळताना जखमी झाला आणि अनेक महिने खेळू शकला नाही. क्लबने थेट फिफाला न्यायालयात खेचले. पुढे २००८ मध्ये तडजोड झाली आणि विश्वचषकासाठी खेळाडू देणाऱ्या क्लबांना मोबदला देण्याची पद्धत २०१० च्या स्पर्धेपासून रूढ झाली.

एकाच मैदानावर दोन निष्ठा

या दोन निष्ठा समोरासमोर उभ्या ठाकल्या, तर काय होते? याचे सर्वांत बोलके उदाहरण ३ जुलै १९९० रोजी नेपल्स येथे घडले. विश्वचषकाचा उपान्त्य सामना, यजमान इटली विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिनाचा कर्णधार होता दिएगो मॅराडोना. याच मॅराडोनाने नापोली क्लबला १९८७ आणि १९९० मध्ये इटलीची लीग जिंकून दिली होती. उत्तर इटलीकडून सदैव हिणवल्या गेलेल्या या दक्षिणेतील शहराला त्याने ताठ मानेने जगायला शिकवले होते. सामन्यापूर्वी त्याने नेपल्सवासीयांना आवाहन केले. एरवी वर्षभर तुम्हाला परके मानणारा देश आज एका दिवसापुरता तुम्हाला इटालियन म्हणवून घेतो आहे, असा त्याचा आशय होता.

शहर पेचात पडले. मॅराडोनावर आमचे प्रेम आहे, पण देश आमचा इटलीच, अशा आशयाचा फलक मैदानात झळकला. बहुसंख्य प्रेक्षकांनी इटलीलाच पाठिंबा दिला. परंतु अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताच्या वेळी त्यांनी हुर्यो उडवली नाही. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर अर्जेंटिना जिंकला. पाच दिवसांनी रोममधील अंतिम सामन्यात मात्र त्याच राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्यांचा वर्षाव झाला. मॅराडोनाच्या निधनानंतर, २०२० मध्ये, नेपल्सच्या त्या मैदानाला त्याचेच नाव देण्यात आले. ज्याने देशाला हरवले, त्याला त्या शहराने दैवत मानले.

दुसरे उदाहरण डेव्हिड बेकहॅमचे. ३० जून १९९८ रोजी फ्रान्समधील सेंत-एतियेन येथे अर्जेंटिनाविरुद्ध त्याला लाल कार्ड दाखवण्यात आले आणि इंग्लंड पेनल्टींवर स्पर्धेबाहेर पडले. साऱ्या देशाने खापर त्याच्यावर फोडले. लंडनमध्ये एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवण्यात आला. परंतु मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांनी त्याला पाठीशी घातले. पुढच्याच हंगामात, १९९९ मध्ये, त्या क्लबने लीग, एफए चषक आणि युरोपीय विजेतेपद अशी तिन्ही जिंकली. देश निकालावर प्रेम करतो, क्लब माणसावर, असे जे म्हणतात, ते येथे पटते. पण याच बेकहॅमने ऑक्टोबर २००१ मध्ये ग्रीसविरुद्ध अखेरच्या क्षणी फ्री किकवर गोल करून इंग्लंडला विश्वचषकाचे दार उघडून दिले, तेव्हा त्याच देशाने त्याला डोक्यावर घेतले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. क्लबची निष्ठा खोल असते, देशाची रुंद. क्लबसाठी झुरणारे तुलनेने थोडे. मात्र देशाचा बाद फेरीचा सामना असला की ज्यांना ऑफसाइडचा नियमही ठाऊक नाही, असे आजी-आजोबासुद्धा दूरचित्रवाणीसमोर बसतात. वैद्यकीय भाषेत बोलायचे, तर क्लब हा जुनाट विकार आहे आणि विश्वचषक ही दर चार वर्षांनी येणारी साथ.

हृदयाची साक्ष

ही केवळ उपमा नव्हे. जर्मनीत २००६ साली विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांची काळजीपूर्वक नोंद ठेवण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण इतर दिवसांच्या २.६६ पट होते, पुरुषांत ३.२६ पट, स्त्रियांत १.८२ पट. सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वाधिक धोक्याचे ठरले. त्या दिवशीच्या रुग्णांपैकी ४७ टक्के व्यक्तींना हृद्‌रोहिणीचा विकार आधीपासूनच होता. एरवी हे प्रमाण २९ टक्के होते.

वर उल्लेखिलेल्या १९९८ च्या इंग्लंड-अर्जेंटिना सामन्याचाही असाच अभ्यास झाला. सामन्याचा दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस मिळून हृदयविकाराच्या झटक्यासाठी इंग्लंडमधील रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले होते. इंग्लंडच्या इतर सामन्यांच्या दिवशी मात्र अशी वाढ आढळली नाही. याउलट १२ जुलै १९९८ रोजी फ्रान्सने विश्वचषक जिंकला, त्या दिवशी फ्रेंच पुरुषांतील हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू आजूबाजूच्या दिवसांपेक्षा कमी होते.

मग क्लबचे काय? उत्तर इंग्लंडमधील चार व्यावसायिक क्लबांच्या परिसरातील १९९० च्या दशकातील मृत्युनोंदी तपासल्या असता असे दिसले, की स्थानिक संघ घरच्या मैदानावर हरला त्या दिवशी पुरुषांतील हृदयविकाराच्या झटक्याचे आणि पक्षाघाताचे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी अधिक होते. स्त्रियांत असा फरक नव्हता. येथे मृत्यू मोजले आहेत, म्युनिकमध्ये तातडीच्या घटना. त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे. इटलीत तर २००२ ते २००६ या काळातील तीन मोठ्या स्पर्धांचा अभ्यास करूनही झटक्यांत वाढ आढळली नाही. सारे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तरीही हे पुरावे एकत्र वाचले, तर एक सूत्र हाती लागते. जर्सीवर देशाचे चिन्ह आहे की क्लबचे, हे हृदय पाहत नाही. पणाला काय लागले आहे, शेवट किती ताणला गेला आहे आणि ते हृदय आधीच किती थकलेले आहे, एवढेच त्याला कळते. पेनल्टी शूटआऊटच्या क्षणी रक्तात उसळणारे ॲड्रेनलिन निष्ठेचे वर्गीकरण करत बसत नाही.

आपल्या अंगणात

गोव्यातील वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. भारतात क्लबनिष्ठा खऱ्या अर्थाने रुजली ती बंगाल, केरळ आणि गोवा अशा मोजक्या प्रदेशांत. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स ही नावे येथे घराघरांत पोहोचली. धेंपो क्लबने तर राष्ट्रीय पातळीवरील लीग पाच वेळा जिंकली. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक साळगावकरचाही होता आणि भारताचाही. त्या काळी गोमंतकीय चाहत्याला दोन निष्ठांत निवड करावी लागत नव्हती. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा अनेक जुन्या पाठीराख्यांना घरातील माणूस दुरावल्याची खंत वाटली.

आंतरराष्ट्रीय निष्ठेची गोष्ट आणखी गमतीची. भारत १९५० मध्ये पात्र ठरूनही विश्वचषकाला गेला नाही आणि त्यानंतर आजवर कधी तेथे पोहोचला नाही. परिणामी विश्वचषकाच्या दिवसांत गोव्यातील गल्लीबोळांत ब्राझील, पोर्तुगाल, अर्जेंटिना यांचे झेंडे फडकतात. देश उसना, पण उत्कटता अस्सल! ती उत्कटता ज्या छातीत धडधडते, ती छाती मात्र आपल्या रुग्णाची असते.

वैद्यांनी काय करावे?

सामना पाहू नका, असे सांगणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. त्यापेक्षा रुग्णाला त्याचा संघ विचारावा. रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांच्या नोंदीशेजारी ही एक नोंद असायला हरकत नाही. युरोपातील मोठे क्लब सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. अमेरिका खंडातील सामने तर पहाटेपर्यंत आणि कधी सकाळीही चालतात. म्हणजे जागरण, चुकलेले जेवण, विसरलेली रात्रीची गोळी, सोबतीला सिगारेट आणि मद्य. धोका या साऱ्यांच्या बेरजेत आहे. ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला आहे, त्यांनी स्पर्धेपूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी, औषधे नेमाने घ्यावीत, एकट्याने सामना पाहू नये आणि दुसऱ्या दिवशी पुरेशी झोप घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची सूचना कुटुंबीयांसाठी आहे. छातीत दुखू लागले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर ‘एवढी पेनल्टी होऊ दे, मग पाहू’ हे वाक्य घरात उच्चारू देऊ नये. तत्क्षणी १०८ क्रमांकावर फोन करावा. हृदयविकाराच्या झटक्यात वाया गेलेले प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूंची हानी करते, आणि ती हानी भरून काढता येत नाही.

देश मोठा की क्लब, हा वाद खुशाल चालू राहावा. त्यात रंग आहे, स्नेह आहे, वडीलधाऱ्यांकडून मिळालेला वारसा आहे. हरलेला क्लब पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरतो, हरलेला देश चार वर्षांनी. तो सामना पाहण्यासाठी आपला रुग्ण खुर्चीत बसलेला असावा, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.