झोंबी मागे लागले तर गाडी कोणती काढाल?

26 जानेवारी 2022 रोजी आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' प्रदर्शित झाला आणि झोंबींच्या झुंडी थेट डोंबिवलीत उतरल्या. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या चित्रपटात संकट आलं ते अगदी ओळखीच्या जागी, उंच इमारतींच्या संकुलात आणि त्याला खेटून असलेल्या वस्तीत. डोंबिवलीहून मुंबईकडे निघालं की कोपर सोडताच दिवा जंक्शन येतं. ही झुंड पुढच्या लोकलने दिव्यात आली तर काय, हा विचार तो चित्रपट पाहिलेल्या इथल्या कुणाच्याही मनात सहज येईल.

व्हिडिओ गेममध्ये हा विचार प्रत्यक्ष खेळता येतो. तिथे पळायचं कुठे, कशाने आणि परत कसं यायचं हे खेळणाऱ्यालाच ठरवावं लागतं. नवखा खेळाडू आधी बंदूक शोधतो. मुरलेला खेळाडू गाडी शोधतो, कारण मोकळ्या, मोठ्या नकाशाच्या झोंबी गेममध्ये गोळ्या कधी ना कधी संपतातच.

गाडी मिळाली की दुसरी चूक ठरलेली असते. सगळ्यात वेगवान किंवा सगळ्यात दणकट गाडी उचलली जाते आणि तिच्या आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही. 2008 सालच्या 'लेफ्ट फोर डेड'ने हा धडा शिकवला होता. रस्त्यावर उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीला चुकून गोळी लागली की तिचा अलार्म कोकलायला लागतो आणि चारी बाजूंनी झोंबी धावून येतात. त्या गेममध्ये ती मोटार चालवताही येत नाही, तरी ती जीव घेऊ शकते.

एप्रिल 2019 मध्ये आलेल्या 'डेज गॉन'ने तर सगळा खेळच एका मोटरसायकलवर उभा केला. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात डीकन सेंट जॉन हा नायक आपल्या बाइकवर फिरतो. बाइक पेट्रोल पिते, आपटली की खिळखिळी होते आणि तिची फटफट ऐकून 'फ्रीकर' नावाचे हिंस्र जीव मागे लागतात. सुरुवातीला टाकी इतकी लहान असते की लांबच्या फेरीआधी पेट्रोलचा डबा कुठे मिळेल हे पाहूनच निघावं लागतं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी घरंगळत नेली तर पेट्रोलही वाचतं आणि आवाजही होत नाही. म्हणूनच हाती थोडे पैसे आले की इंजिन वाढवण्याआधी टाकी आणि सायलेन्सर सुधारून घेणं शहाणपणाचं. गेम सेव्ह करण्यासाठीही बऱ्याचदा बाइकजवळ यावं लागतं. ती नीट जागी उभी केलेली नसेल तर सगळी मेहनत धोक्यात.

गाडीचा सर्वांत खोल अभ्यास मात्र 'प्रोजेक्ट झोंबॉइड'मध्ये आहे. इंडी स्टोन या छोट्या ब्रिटिश कंपनीचा हा गेम अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घडतो. वरून खाली पाहिल्यासारखं त्याचं साधं चित्र आहे, पण मोटारीच्या बाबतीत तो कमालीचा काटेकोर आहे. रस्त्यावर गाड्या भरपूर दिसतात, चालू अवस्थेतल्या थोड्याच. किल्ली कधी गाडीतच सापडते, कधी जवळपास फिरणाऱ्या झोंबीच्या खिशात. किल्ली नसेल तर वायरी जोडून गाडी डायरेक्ट चालू करता येते, पण त्यासाठी सहसा आधी इलेक्ट्रिक आणि मेकॅनिकचं काम शिकलेलं असावं लागतं. बॅटरी उतरते, टायर झिजतात, दुसऱ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोल नळीने काढून घ्यावं लागतं. वीज गेली की पंपावरचं पेट्रोलही मिळत नाही. त्यासाठी जनरेटर आणून पंप चालू करावा लागतो.

या गेममध्ये झोंबींच्या अंगावर गाडी घालणं फार महागात पडतं. धडकेने आधी बोनेट जातं आणि मग मार थेट इंजिनाला बसतो. म्हणून अनुभवी खेळाडू अगदीच वेळ आली तर गाडी रिव्हर्समध्ये घालतात. डिकी चेपली तर चालते, इंजिन वाचलं पाहिजे. काच फुटली तर झोंबी थेट चालवणाऱ्यावरच हल्ला करतात. गाडी उभी करताना तोंड नेहमी रस्त्याकडे ठेवायचं, म्हणजे पळायच्या क्षणी मागे घेण्यात वेळ जात नाही. या गेममध्ये बंद गाडीला दुसऱ्या गाडीने टोचन लावून तळापर्यंत ओढत आणायचीही सोय आहे आणि सुट्या भागांसाठी तिचा फार उपयोग होतो.

2018 सालच्या 'स्टेट ऑफ डिके 2'मध्ये प्रश्न सामानाचा आहे. इथे एकट्याने जगायचं नसतं, एक छोटी वस्ती सांभाळायची असते. अन्न, औषधं आणि बांधकामाचं साहित्य पोत्यांनी वाहून आणायचं म्हटलं की स्पोर्ट्स कारचा दिमाख कामाचा नसतो. मोठ्या डिकीची व्हॅन किंवा पिकअप एका फेरीत जे आणते, त्यासाठी लहान गाडीला अनेक फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरीत पेट्रोल जळतं आणि धोकाही तेवढ्याच वेळा पत्करावा लागतो.

पोलंडच्या टेकलँड कंपनीने हाच प्रश्न वेगळ्या अंगाने मांडला. तिच्या 'डायिंग लाइट'मध्ये सुरुवातीला गाडीच नव्हती. शहर इतकं दाटीवाटीचं होतं की छपरांवरून उड्या मारत पळणंच योग्य. फेब्रुवारी 2016 मध्ये 'द फॉलोइंग' ही जोडकथा आली, तेव्हा नकाशा शेतांचा आणि मोकळ्या रानाचा झाला आणि त्याबरोबर खेळाडूला बग्गी मिळाली. रात्रीच्या भयंकर झोंबींना दूर ठेवणारे अतिनील दिवेही तिच्यावर बसवता येतात. एकाच कंपनीने शहरात पाय दिले आणि रानात चाकं दिली. गाडी कोणती, हे रस्त्याने ठरवलं.

महाराष्ट्रातल्या तरुणांना हे सगळं परकं नाही. मोबाइलवरच्या पबजीत फेब्रुवारी 2019 मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल 2'च्या सोबतीने झोंबींचा खेळ आला होता. सप्टेंबर 2020 मध्ये भारतात पबजीवर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये क्राफ्टन कंपनीने तिच्या जागी बीजीएमआय हा गेम आणला. मोकळ्या मैदानात बग्गी, चौघांसाठी जीप, एकट्याला डोंगरावरून पळायला बाइक ही निवड लाखो खेळाडूंच्या बोटांवर बसलेली आहे. 2025 मध्ये महिंद्राची बीई 6 ही इलेक्ट्रिक मोटारही बीजीएमआयमध्ये धावली. खरी बीई 6 तयार होते ती पुण्याजवळच्या चाकणमध्ये.

आता हे सगळे धडे दिव्याच्या नकाशावर ठेवून पाहावेत. दिवा पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये मध्य रेल्वेचे रूळ आहेत आणि फाटक आहे. ते उघडं असलं की लोकल थांबतात, बंद असलं की गाड्यांच्या रांगा लागतात. गेममध्ये असं एक फाटक म्हणजे पूर्ण एक प्रसंग. उघडण्याचा आवाज झुंडीला बोलावणार, न उघडलं तर गाडी अडकणार. पूर्वेच्या चिंचोळ्या गल्ल्यांमध्ये एसयूव्ही वळवणं कठीण, तिथे बाइकच चालेल. रिक्षा कुठूनही वळते, पण तिच्या बाजू उघड्या; झोंबींना काच फुटण्याचीही वाट पाहावी लागणार नाही. पबजीच्या सानहोक नकाशावर 'टुकशाई' नावाची तीनचाकी आहे आणि तिचा उघडेपणा तिथेही अंगाशी येतो.

दिवा-शिळ रस्त्याने शिळफाट्याला पोहोचलं की सगळं बदलतं. तिथून ठाणे, कल्याण, महापे आणि पनवेल अशा चार दिशा फुटतात. इथे बाइक सोडून सामान वाहणारा टेम्पो घ्यावा. पश्चिमेला खाडी आणि तिवरांचा चिखल, तिथे कुठलंच चाक चालत नाही. बाइकने निघायचं, वाटेत टेम्पो मिळवायचा आणि खाडीकाठी पायी उतरायचं, इतकी विविधता या काही किलोमीटरच्या पट्ट्यात आहे.

आजवरच्या झोंबी गेममधल्या गाड्यांचे नियम ओरेगॉनच्या घाटांनी आणि केंटकीच्या सरळ रस्त्यांनी घडवले. गेम बनवण्याचं कौशल्य आता महाराष्ट्रातही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' जगभर पोहोचवला, पुण्याच्याच सुपरगेमिंगने 2024 मध्ये 'इंडस' आणला. 'झोंबिवली'ने गोष्टीची जागाही दाखवून दिली आहे. या मंडळींनी एकदा दिवा ते शिळफाटा हा रस्ता मन लावून पाहावा आणि त्यावर चालणारा, मराठी बोलणारा झोंबी गेम करावा. तो खेळायला इथले खेळाडू तयार आहेत.