लग्नघरातील ओवी

मेक्सिको व पेरू येथील मूळनिवासी स्त्रियांवर स्पेनची सत्ता होती, हे वाचक जाणतात. परंतु १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्याच राजाच्या मस्तकी होता. म्हणजे गोव्यातील आपल्या पणज्याही त्याच्याच प्रजा! पुढे राजघराणे बदलले, परंतु १५६० पासून चालत आलेले इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय राहिले. १७३६ साली त्याने जाहीरनामा काढून ख्रिस्ती स्त्रियांच्या माजघरातच हात घातला. लग्नात ओव्या गाऊ नयेत, वधूवरांस हळद वा खोबरेल चोळू नये, चोळी घालू नये, दारी तुळस लावू नये! श्रद्धेचा आणि चोळीचा संबंध काय, हे मज धर्मगुरूसही उमगलेले नाही. आणि हे सारे आपल्याच ख्रिस्तसभेच्या नावाने चालले होते, हे कबूल केले पाहिजे. १८१२ मध्ये ते न्यायालय कायमचे उठले.

गेल्या लग्नसराईत बेळगावात एका गोवेकर घरी मी रोसाच्या विधीस गेलो होतो. नवरीच्या अंगाला नारळाचा रस चोळीत वृद्ध स्त्रिया कोंकणी ओव्या गात होत्या. त्यांतील एका आजीबाईंना मी त्या जाहीरनाम्याची हकिकत सांगितली.

“फादर, आम्हांला कोणी कळवलेच नाही,” असे म्हणून त्यांनी पुढची ओवी उचलली.