सीमाशुल्क-तपासणी, खाजगी नौकांची

परदेशाहून स्वतःच्या नौकेने स्वदेशी परतणाऱ्या व्यक्तीने नौका, तिच्यावरील सामान व शिधासामग्री यांची सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे नोंद करून मोकळीक मिळविण्याची कार्यपद्धती. भारतात तिचा आधार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ हा असून त्याने १८७८ च्या सागरी सीमाशुल्क अधिनियमाची जागा घेतली.

हे शुल्क पाण्यावर नसून सीमा ओलांडण्यावर आहे. वैनगंगेवरील डोंगा किंवा भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द जलाशयातील यंत्रनौका कितीही दूर गेली, तरी हा अधिनियम तिला लागू होत नाही. उलट, त्याच जिल्ह्याचा रहिवासी शिडाच्या लहानशा नौकेतून मस्कतहून आला, तर त्याला मुंबई, मार्मागोवा यांसारख्या अधिसूचित सीमाशुल्क बंदरातच प्रथम लागावे लागते (कलम २९). मंडळाच्या परवानगीवाचून वाटेतील एखाद्या खाडीत उतरणे हा अपराध ठरतो. नौका मालमोटारीवर चढवून भंडाऱ्यास नेणे, हे त्यानंतरचे.

वादळ किंवा अपघात यांमुळे नौका अन्यत्र लागल्यास नौकाप्रमुखाने जवळच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास तत्काळ वर्दी द्यावयाची असते. तोवर माल उतरविता येत नाही आणि माणसांनाही नौकेजवळून दूर जाता येत नाही. मात्र आरोग्य, सुरक्षितता, जीवित वा मालमत्ता यांच्या रक्षणासाठी तसे करण्यास मुभा आहे. ही कडक शिस्त अनाठायी नाही. १९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे चोरून उतरविलेली स्फोटके पुढे मुंबईतील बॉम्बस्फोटांत वापरली गेली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या ‘लेडी हान’ या नौकेवर रायफली सापडल्या, पण वर्दी देण्यास तीवर कोणीच नव्हते. मस्कतजवळ एंजिन बिघडल्याने खलाशांची सुटका होऊन ती भरकटत आली होती.

बंदराजवळ येताना नौकेवर पिवळे निशाण लावतात. नौका निरोगी असून आरोग्य-परवाना हवा, असा त्याचा अर्थ. आरोग्य व पारपत्र यांच्या तपासण्या सीमाशुल्काहून वेगळ्या आहेत. सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे सामानाचे घोषणापत्र करावे लागते (कलम ७७). परदेशगामी नौकेवरील शिधा, मद्य व इंधन नौकेतच वापरल्यास त्यांवर शुल्क नसते. किनाऱ्यावर नेल्यास ते पडते.

खरी अडचण बहुधा नौकेविषयीच उद्भवते. परदेशात विकत घेऊन येथे ठेवण्यासाठी आणलेली नौका ही आयात वस्तू होय. येथूनच गेलेली नौकादेखील परत येताना, सवलतीची अधिसूचना लागू नसेल, तर कलम २० प्रमाणे शुल्कपात्र ठरू शकते. म्हणून नोंदणीपत्र, एंजिनाचा क्रमांक व निघतानाचा बंदर-सोडपत्राचा कागद जपून ठेवणे अगत्याचे असते. परदेशात बसविलेल्या नव्या एंजिनाची पावतीही तितकीच महत्त्वाची. ‘म्हादेई’ (२००९–१०) व ‘तारिणी’ (२०१७–१८) यांच्या पृथ्वीप्रदक्षिणांवरून खाजगी नाविकाने अनुमान काढू नये. त्या नौदलाच्या नौका होत्या व शासकीय वाहनांना अधिनियमाखाली सूट देता येते.

चोरट्या आयातीस वापरलेली नौका जप्तीस पात्र असते. मालकाच्या नकळत तसे घडल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. जप्तीऐवजी दंड भरण्याचा जो विकल्प कलम ११५ मध्ये दिला आहे, तो भाड्याने माल किंवा उतारू नेणाऱ्या वाहनांपुरता असून हौशी नौकेला त्या तरतुदीचा लाभ मिळत नाही.