भूल कोणती, यावर हृदय किती वाचते?

बायपासमध्ये महाधमनीवरचा क्लॅम्प निघतो आणि थांबवलेल्या हृदयात पुन्हा रक्त शिरते. सुटलो, असे वाटावे असा हा क्षण. पण पेशींना मोठा दणका नेमका इथेच बसू शकतो. रक्ताविना राहिलेल्या पेशीत आम्ल साचलेले असते. रक्त येताच ते झपाट्याने धुतले जाते, कॅल्शियमचा लोंढा आत येतो, आणि आम्लामुळे तोवर मिटून राहिलेले मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) आवरणातले छिद्र पहिल्या काही मिनिटांत उघडते. ते उघडे राहिले की पेशी गेली. रक्त तर द्यायलाच हवे, मग हा दणका बोथट कसा करायचा? १९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची एक हृदयधमनी आधी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद केली आणि मग सलग चाळीस मिनिटे. अशा सराव दिलेल्या हृदयात मेलेला भाग, सराव न दिलेल्या हृदयांच्या तुलनेत, सुमारे पाव उरला. १९९७ मध्ये दिसले की धमनी न आवळता, नुसत्या आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाच्या वाफेनेही असेच संरक्षण मिळते. ही वाफ पेशीतल्या पोटॅशियमच्या विशिष्ट वाहिन्यांमार्फत काम करते. मधुमेहाची ग्लिबेनक्लमाइड ही गोळी त्याच वाहिन्या बंद करते, म्हणजे हे संरक्षण रोखू शकते. आपल्याकडे बायपासला येणाऱ्यांत मधुमेही किती असतात, हे पाहता प्रयोगशाळेतला हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे बायपासच्या रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासांत सेव्होफ्लुरेन ही वाफेची भूल दिलेल्यांच्या रक्तात शिरेतून प्रोपोफॉलची भूल दिलेल्यांपेक्षा ट्रोपोनिन कमी आढळले. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला झालेल्या इजेची खूण. तेव्हा वाफेची भूल सरस, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते. माझ्या मते तिथेच घाई झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिरिअड' चाचणीत तेरा देशांतले ५,४०० नियोजित बायपासचे रुग्ण होते. वर्षभरात वाफेच्या गटात २.८ टक्के, तर शिरेतून भूल दिलेल्या गटात ३ टक्के रुग्ण दगावले. हा फरक धरण्याजोगा नाही. पुढे काही हाती लागणार नाही असे दिसल्यावर चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

यावर हरकत येते: वाफेच्या गटातही अनेकांना प्रोपोफॉल मिळाले होते आणि तेच संरक्षण पुसून टाकत असेल. शंका पोकळ नाही. दंडाला पट्टा आवळून दुरून हृदयाला सराव देण्याच्या २०१५ च्या दोन मोठ्या चाचण्या फसल्या, तेव्हाही प्रोपोफॉलकडेच बोट गेले होते. पण मग प्रश्न उरतो की भूल चढवताना सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाने जो लाभ नाहीसा होतो, तो खऱ्या शस्त्रक्रियागृहात कितीसा टिकणार? दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: 'मिरिअड'मधले रुग्ण तुलनेने कमी धोक्याचे होते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, तातडीने टेबलावर घेतलेल्या रुग्णाबद्दल ही चाचणी फारसे सांगत नाही. तिथे वाफेची बाजू अजून हरलेली नाही. नियोजित बायपासमध्ये मात्र रक्तदाब कसा राहतो, फुफ्फुसे कशी आहेत, भूलतज्ज्ञाचा हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे, यावरच निवड व्हावी. केवळ ट्रोपोनिन थोडे उतरेल म्हणून वाफेचा आग्रह धरायला आज आधार नाही.